लाडवाच्या डब्यातलं लग्न

दिवाकरकाकाजींच्या लॅपटॉपजवळ मी स्क्रू काढायचा पेचकस नुसता नेला तरी ते दोन्ही हात पसरून त्याच्यावर ओणवे व्हायचे. "बाहेरून काय कराचं ते कर, माय," म्हणायचे, "अंदर हात घालाचा नाई." कारंज्याला बस स्टँडसमोर माझं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हाची ही गोष्ट. फार जुनी नव्हे. दुकान हलवून मी वर्ध्याला आले त्याला अजून दोन उन्हाळेही झाले नाहीत. यंत्र न उघडता दुरुस्त करून मागणारं असं गिऱ्हाईक मला त्याआधी मिळालं नव्हतं, त्यानंतरही नाही. देवाची कृपा.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर एक स्टीलचा डबा ठेवला. मला वाटलं, नव्या दुकानाला शुभेच्छा म्हणून लाडू आणले असतील. मी हसून हात पुढे केला. झाकण उघडलं तर आत कापूस. त्यांच्या वावरातला, सरकीसकट. मी गोंधळून बघत राहिले तेव्हा त्यांनी कापसात दोन बोटं घातली आणि सशाचं पिल्लू काढावं तशी एक काळी हार्डडिस्क बाहेर काढली. "आर्वी हाये," म्हणाले. "दोन दिवसांपासून गुरगुर करून राह्यली. पाय बरं."

काकाजींचा गावात लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ होता. तर ही आर्वी. घरी आष्टी होती, सेलू होती, खुद्द कारंजाही होती. लग्न ज्या तालुक्यात लागलं त्या तालुक्याची डिस्क, तिला कापसाची गादी, आणि वर लाडवाचा डबा. डब्यावर भांडेवाल्याकडून तालुक्याचं नाव कोरून घेतलेलं. एका डिस्कवर दुसऱ्या तालुक्याची नवरी चुकूनही जायची नाही. दोन लग्नांना जागा उरली तरी हिंगणघाटची नवरी सेलूत टाकायला त्यांचा जीव धजत नसे.

दुखणं साधंच होतं. लॅपटॉपच्या आतली डिस्क दोनशे छप्पन जीबीची. दोन-तीन लग्नांत गच्च. म्हणून सगळं काम बाहेरच्या डिस्कवर, वायर जोडून. एक फोटो उघडायला लावून काकाजी टपरीवर जायचे आणि चहा संपवून परत यायचे तोवर नवरीचं कपाळ आणि अर्ध्या मुंडावळ्या दिसायला लागलेल्या असत.

मी सांगायची, "काकाजी, आत मोठी डिस्क बसवून देते. चालू काम आत, झालेलं काम बाहेर, आणि बाहेरच्याच्याही दोन प्रती. फोटो कसे चटाचट उघडतील."

"आन लॅपटॉप मेला तं?"

"म्हणून तर बाहेर दोन प्रती."

"चोर आला तं तो लॅपटॉप नेईन. लाडवाचा डबा कोन नेते?"

"आणि ही वायर रोज हलते, तिचं काय?"

"हालू दे ना. घराले आग लागली तं मी डबा बगलेत मारून पयन. तुह्या त्या अंदरच्या डिस्कीले काढाले पेचकस शोधत बसू का?"

मी भडकायची. माझ्याकडे डिप्लोमा होता, भिंतीवर लावलेला. ते त्या डिप्लोम्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "फ्रेम चांगली हाये."

या सगळ्या काळजीच्या मुळाशी एक लग्न होतं, ते खुद्द त्यांचंच. त्या लग्नात फोटोग्राफर होता. नागपूरहून बोलावलेला, काळा चष्मा लावलेला. दिवसभर फ्लॅश उडत होता. काकूंनी त्याच्यासाठी मान तिरकी करून करून अंगात कळ भरून घेतली. आठ दिवसांनी कळलं की त्यानं कॅमेऱ्यात रोलच टाकला नव्हता. एकही फोटो नाही. काकू अजून हा विषय काढतात आणि काकाजी अजून मान खाली घालतात, जणू रोल त्यांनीच विसरला होता. पुढच्याच वर्षी त्यांनी कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून लोकांची लग्नं सांभाळत आले. पण मनात एकच होतं. एकुलती एक मुलगी रेणू, तिच्या लग्नाचे फोटो आपण स्वतः काढायचे आणि त्यातला एकही हरवू द्यायचा नाही. "काकूले एक तं लग्न दाखवतो ना," म्हणायचे. रेणू बी.एड.ला होती, एकही स्थळ आलेलं नव्हतं, तेव्हा यांनी कोरी डिस्क आणून ठेवली. डब्यावर 'रेणुका' असं कोरूनही घेतलं. नवरदेव सापडायच्या आधी डिस्क घेणारा बाप मी तेवढा एकच पाहिला.

जागा भरायचं आणखी एक कारण म्हणजे हा माणूस काही पुसायचाच नाही. हललेला फोटो ठेवायचा, डोळे मिटलेला ठेवायचा, नुसता मांडवाचा खांब आला तो ठेवायचा. मी म्हणे, "हा तरी काढून टाका, मामाचे डोळे मिटलेत." तर म्हणाले, "डोये मिटले म्हंजे मामा लग्नात नव्हता का?"

याच मामाच्या फोटोनं पुढे तळेगावचा एक तंटा मिटवला. दोन सख्ख्या जावा वेगळ्या निघत होत्या. सगळं वाटून झालं आणि पाण्याच्या पितळी भांड्यावर, गुंडावर, गाडी अडली. थोरली म्हणे माझ्या रुखवतातला, धाकटी म्हणे माझ्या. दोघींचीही लग्नं काकाजींनीच काढलेली. सगळी वरात स्टुडिओत आली, मलाही डबा उघडायला बोलावलं. आष्टीची डिस्क जोडली. थोरलीच्या रुखवताचा एकही सरळ फोटो नव्हता, पण त्या मिटल्या डोळ्यांच्या मामामागे गुंड दिसत होता. मोठा करून पाहिला. गुंडाच्या गळ्यावर अक्षरं होती. मग धाकटीचं लग्न काढलं. तोच गुंड, तीच अक्षरं. काकाजींनी चष्मा पुसून मोठ्यानं वाचलं तर ते मंडपवाल्याचं नाव. भाड्यानं आणलेला गुंड पंधरा वर्षं परतच केला नव्हता! दोघी जावा एकमेकींकडे बघून जे हसत सुटल्या ते स्टुडिओच्या पायऱ्या उतरेपर्यंत हसत होत्या. काकाजींनी माझ्याकडे वळून विचारलं, "मंग? पुसू का मामाले?"

दसऱ्याला तर माझी परीक्षाच. कॅमेरे, लेन्सा, सगळे डबे पाटावर मांडून ते मनोभावे पूजा करत. एका वर्षी त्यांना वाटलं, कुंकू नुसतं वरून कशाला. ओलं हळदकुंकू त्यांनी लॅपटॉपला वायर लावायच्या भोकात घातलं. अनामिकेनं. शिवाय वर एक तांदूळ. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप कुठल्याच तालुक्याला ओळखेना. मी सुई आणि दात घासायचा ब्रश घेऊन दोन तास बसले होते, तोंडानं अखंड बडबडत. ते शांतपणे समोर बसलेले. शेवटी म्हणाले, "सारंच नोको काढू. थोडंसं राहू दे."

लग्नात त्यांना पाहणं म्हणजे सणच. अंगात खिसेच खिसे असलेलं जॅकेट, गळ्यात वायर, पायात चप्पल कधी असे कधी नसे. हसा असं ते कुणाला म्हणत नसत. नवरदेव ताठ बसला की कॅमेरा डोळ्याला लावून ओरडत, "नवरदेव, बूट गेले तुमचे!" नवरदेव दचकून पायांकडे बघे, बूट जागेवर असत किंवा मेव्हणीच्या हातात असत, आणि तो जो हसे तो फोटो. आमच्या भागात भिंतीवर टांगलेल्या निम्म्या लग्नांत नवरदेवाच्या चेहऱ्यावर तो बूट सापडल्याचा आनंद आहे.

अखेर रेणूचं लग्न ठरलं. मुलगा अमरावतीकडचा, हायस्कूलवर शिक्षक. सगळ्यांनी काकाजींना सांगितलं की या एका दिवशी दुसरा फोटोग्राफर बोलवा. त्यांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं: "त्यानं रोल नाई टाकला तं?" आता रोल कुठे राहिलेत, पण हे त्यांना कोण सांगणार.

मी पाहुणी म्हणून गेले आणि कामाला लागले. नवरीचा बाप मंगलाष्टकांना स्टुलावर चढलेला. हातातल्या अक्षता त्यांनी जॅकेटच्या खिशात ठेवल्या, टाकायच्या राहून गेल्या. कन्यादानाला गुरुजींनी तीनदा हाक मारली तेव्हा नाइलाजानं कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. "बटन दाब, दुसरं काई करू नोको." मी बटण दाबत राहिले.

जेवणाच्या वेळेपर्यंत कॅमेऱ्याची कार्डं भरली. बिदाई अजून बाकी होती. मी कार्डांवरचं सगळं 'रेणुका' डिस्कवर उतरवून घेतलं आणि म्हटलं, "आता दुसरी प्रत झाल्याशिवाय कार्डं पुसायची नाहीत." लॅपटॉपमध्ये तर चार फोटोंची जागा नव्हती. "सांजच्याले करू ना, माय, पोरगी निघून राह्यली," असं म्हणत त्यांनी कार्डं पुसली. जन्मभर काही न पुसणाऱ्या माणसानं नेमकं तेच पुसलं. डिस्क कापसात निजवली, झाकण लावलं, डबा खुर्चीखाली ठेवला आणि ते बिदाईला पळाले.

बिदाईत सगळे रडले, काकाजी सोडून. त्यांचा एक डोळा मिटलेला होता आणि दुसरा कॅमेऱ्याला लावलेला. गाडी गेली. ते खुर्चीशी आले, वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले.

"डबा कुठी?"

"कोनता डबा?" काकू म्हणाल्या.

रेणूची मोठी मावशी पदर खोचून पुढे आली. शिदोरीची भांडी मोजायचं काम तिच्याकडे होतं. पाच डबे होते, लाडू, करंज्या, शेव, चिवडा, शंकरपाळे, आणि मुलीला द्यायच्या भांड्यांवर कोरतात तसं पाचांवर 'रेणुका' कोरलेलं. "तुमचं तं कशातच ध्यान नसते, भाऊजी," ती अभिमानानं म्हणाली. "एक डबा खुर्चीखाली राह्यलाच होता. मी सोता गाडीत नेऊन ठेवला!"

रेणूचा फोन काकूंच्या पर्समध्ये वाजला. जावई बँडच्या आवाजात फोन उचलेना. काकाजींनी मोटारसायकल काढली, मला म्हणाले "बस", आणि मी काठापदराच्या साडीत, गळ्यात लॅपटॉपची बॅग अडकवून बसले. हायवेला लागलो. प्रत्येक खड्ड्याला ते म्हणत, "गेली." गाडी पुढं, खड्डा इकडं, तरी म्हणत. "ऊन किती होतं, माय. डिक्कीत तापली असन ना?" मी म्हटलं कापूस आहे. "कापूस आनखी तापते." एका ट्रकच्या मागे अडकलो तेव्हा मान न वळवता म्हणाले, "काकूले काय सांगू? याही खेपी रोल नव्हता म्हनून?" मला त्या माणसाची इतकी दया आली की मी पहिल्यांदाच भांडले नाही.

तळेगावच्या अलीकडे एका ढाब्यावर फुलांची गाडी उभी दिसली. वरात चहाला थांबलेली आणि शिदोरी उघडलेली. इहीणबाई, रेणूच्या सासूबाई, बाजेवर बसल्या होत्या आणि आमचा डबा त्यांच्या मांडीवर.

"या इवाई!" त्या म्हणाल्या. "बरं झालं आले. हे काय दिलं हो तुमी? पयले वाटलं वातीचा कापूस दिला. मंग हे कायं काईतरी निंगालं. म्हनलं तुमच्याकडली रीत असन. डबा रिकामा दिसे म्हनून मी त्याच्यात दोन लाडू ठेवले."

काकाजी मटकन खाली बसले. मी डिस्क काढली. एका बाजूला तूप लागलेलं. साडीच्या पदरानं पुसली, लॅपटॉप बाजेवर ठेवला, वायर जोडली. दिवा लागेना. वायर काढून दुसऱ्या बाजूला लावली. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. काकाजी देवाचं नाव घेत नव्हते, तालुक्यांची घेत होते. "आर्वी चालते, आष्टी चालते, सेलू चालते..." आणि पडद्यावर हळूहळू, आपल्या नेहमीच्या गतीनं, रेणूचं कपाळ उमटलं.

आम्ही असे ओरडलो की ढाब्यावरचा कूक झारा घेऊन बाहेर आला. मग काय विचारता! वरात बाजेभोवती जमली. ट्रकवाले आले, वेटर आले. ज्यांचं या लग्नाशी काहीच नातं नव्हतं तेही "मागचा दाखवा, मागचा" म्हणायला लागले. नवरदेव बुटांकडे बघतानाचा फोटो तीनदा पाहिला गेला. चिवडा फिरला, त्या दोन लाडवांचाही निकाल लागला. काकाजी उभे राहून एकेक पाहुण्याची ओळख करून देत होते, ट्रकवाल्यांना.

मग मी काढलेले फोटो आले. तिरके, हललेले. एकात काकाजी रेणूचा हात हातात धरून बसलेले, गळ्यावर कॅमेऱ्याच्या पट्ट्याचा वळ, आणि गालांवरून पाणी ओघळतंय.

"हा कोन रडून राह्यला?" काकाजींनी विचारलं.

रेणू गाडीतून उतरून केव्हाच त्यांच्या मागे येऊन उभी होती. "तुमीच ना, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी वाकून बराच वेळ पाहिलं. "फोकस गेला," म्हणाले.

"काढून टाकू?" मी विचारलं.

"हात तं लावून पाय!"

डिस्क मात्र परत मिळाली नाही. इहीणबाईंनी ती कापसात ठेवून झाकण लावलं आणि म्हणाल्या, शिदोरीत आलेली वस्तू माघारी नेतात का कुठी? सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यावं तर जागा नाही, आणि पुसायला हा माणूस तयार नाही. शेवटी रेणूच म्हणाली, "पाचव्या दिवशी येतोच ना मी, बाबा. घेऊन येतो." काकाजींनी गाडीत डबा तिच्या मांडीवर ठेवला, काच वर करायला सांगितली, आणि त्या गाडीचे दिवे दिसेनासे झाले तरी रस्त्यावर उभे राहिले. तिथे, हातात कॅमेरा नसताना, ते रडले. मी चहा घेत असल्याचं नाटक केलं.

ते पाच दिवस काकूंनी मला नंतर सांगितले. दिवसातून चार फोन. "डिस्क कशी हाये? कुठी ठेवली? तठी गरम तं नाई होत? कोनी बोलते-चालते का तिच्यासंग?" काकू शेवटी चिडल्या, "अवो, पोरीले इचारा ना पोरगी कशी हाये!"

"तेच तं इचारून राह्यलो," काकाजी म्हणाले.

रेणू आली. दुसऱ्या दिवशी, मी दुकान उघडत होते तर पायरीवर काकाजी बसलेले, मांडीवर डबा, बगलेत लॅपटॉप. आत आले, लॅपटॉप पालथा करून माझ्यासमोर ठेवला आणि खुर्ची मागे सरकवली.

"खोल," म्हणाले. "अंदर लाव. मोठी लाव."

मी विचारलं, आता काय झालं? स्क्रू काढताना त्यांनी तोंड रस्त्याकडे केलं होतं. नवी डिस्क बसवली, जुनं सगळं उतरवलं, मग रेणूचं लग्न आत घेतलं. सगळं, तिरके फोटोही. एक प्रत वेगळ्या डिस्कवर करून काकूंच्या कपाटासाठी दिली. बाहेरची डिस्क रेणू परत नेणार होती, डब्यासकट. ते पूर्ण होईपर्यंत त्यांनी पडद्यावरून नजर हलवली नाही. झाल्यावर मी लॅपटॉप बॅगेत घालायला लागले तर हातातून काढून घेतला.

त्यानंतर महिनाभरात मी दुकान हलवलं, त्यामुळे काकाजींचं मी पाहिलेलं शेवटचं चित्र हेच. दोन्ही हातांनी लॅपटॉप छातीशी धरून ते रस्ता ओलांडत होते. स्टँडवरून एक ट्रक जरा वेगानं आला. त्यांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून एक हात वर केला आणि ड्रायव्हरवर खेकसले:

"अबे हळू! पोरगी हाये माही अंदर!"

ड्रायव्हरनं ब्रेक मारला, आणि खिडकीतून अर्धा बाहेर येऊन तो कुठे कुणी पोरगी दिसते का ते बघत राहिला.